डीएस-२०१९ चा पाचवा रकाना

जळगाव-धुळ्याकडचा मुलगा अमेरिकेत आहे म्हटलं की समोरचा माणूस संगणक कंपनीचंच नाव विचारतो. पण आपल्या भागातून तिकडे जाणारी दुसरीही एक वाट आहे आणि ती प्रयोगशाळेतून जाते. १९९० साली जळगावला विद्यापीठ झालं, आज ते बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखलं जातं. तिथले रसायनशास्त्राचे विभाग, शिरपूरचं फार्मसी महाविद्यालय, धुळ्याची जुनी विज्ञान महाविद्यालयं यांतून एम.एस्सी., एम.फार्म. आणि पुढे पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना अमेरिकेतल्या एखाद्या प्राध्यापकाचं पत्र येतं: दोन वर्षांसाठी पोस्टडॉक म्हणून या. घरात पेढे वाटले जातात, मामा-मावश्यांचे फोन सुरू होतात. त्या गडबडीत अमेरिकेतल्या विद्यापीठाकडून आलेला डीएस-२०१९ नावाचा कागद फाइलमध्ये जातो, आणि मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासात मुलाखतीला जाईपर्यंत तो कोणी नीट वाचत नाही.

माझं सांगणं याच कागदाबद्दल आहे. दोन-तीन वर्षांनी प्राध्यापक म्हणतात, ‘आता इथेच कायम नोकरीवर ये,’ किंवा बोस्टनची एखादी औषध कंपनी बोलावते. तेव्हा धावपळ होते, वकील शोधले जातात. पण जे-१ या तात्पुरत्या व्हिसावरून एच-१बी या नोकरीच्या दर्जावर जाता येईल की नाही, याचं अर्धंअधिक उत्तर निघण्याआधीच लिहिलं गेलेलं असतं. डीएस-२०१९ च्या पाचव्या रकान्यात, जिथे पैसा कोण देणार आहे ते नोंदवलेलं असतं, तिथे.

जे-१ हा मुळात नोकरीचा व्हिसा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेला इतर देशांतली हुशार माणसं काही काळ आपल्याकडे यावीत, शिकावीत आणि परत जाऊन आपल्या देशात ते ज्ञान पसरवावं, असं वाटत होतं. १९४८ च्या एका कायद्याने अशी देवाणघेवाण सुरू झाली. सिनेटर विल्यम फुलब्राइट यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६१ च्या कायद्यातून आजचा जे व्हिसा आला. त्याच फुलब्राइट यांच्या नावाच्या देवाणघेवाण करारावर भारताने तर त्याआधी, १९५० सालीच सही केली होती. पण माणसं आली, ती परत जाईनात. म्हणून १९५६ मध्ये अट घालण्यात आली: देवाणघेवाणीवर आलेल्याने आधी दोन वर्षं मायदेशी राहावं, मगच पुन्हा नोकरीसाठी किंवा कायमचं राहण्यासाठी अर्ज करावा. परदेशी नागरिकविषयक कायद्याच्या २१२(ई) या कलमात ती आजही आहे आणि वकील, विद्यापीठांची कार्यालयं तिला त्या कलमाच्या क्रमांकानेच ओळखतात.

ही अट सगळ्या जे-१ धारकांना लागू नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेहून आलेल्या कुणाकडून तरी ऐकून ‘जे-वन म्हणजे दोन वर्षं सक्तीने परत’ असं अनेक घरांत मानलं जातं. प्रत्यक्षात तीनच प्रकारच्या लोकांना ती लागू होते: ज्यांच्या कार्यक्रमाला अमेरिकी सरकारचा किंवा स्वतःच्या सरकारचा पैसा आहे, ज्यांचा विषय त्यांच्या देशाला हव्या असलेल्या कौशल्यांच्या यादीत आहे, आणि जे डॉक्टर तिथे पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षण घ्यायला गेले आहेत.

यातलं कौशल्य-यादीचं कारण भारतीयांसाठी आता उरलेलं नाही. ९ डिसेंबर २०२४ ला अमेरिकी परराष्ट्र खात्याने ही यादी नव्याने जाहीर केली आणि भारताचं नाव तिच्यातून गेलं. त्याआधी २००९ ची यादी चालू होती, तिच्यात भारतासाठी कितीतरी विषय होते आणि केवळ त्यामुळे हजारो संशोधक अडकत होते. नवी यादी मागच्या लोकांनाही लागू केली. म्हणजे २०१५ साली गेलेला आणि फक्त विषयामुळे अडलेला रसायनशास्त्रज्ञही मोकळा झाला. ही बातमी आपल्याकडे पुरेशी पोचलेली नाही, याची मला खंत आहे.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे थांबून विचार करावा लागतो. कायद्याचे शब्द व्यापक आहेत: पूर्ण किंवा अंशतः, थेट किंवा अप्रत्यक्ष, कसाही सरकारी पैसा असला तरी अट लागू. फुलब्राइट-नेहरू फेलोशिपवर जाणाऱ्याला ती निश्चित लागते. यूजीसीच्या रामन फेलोशिपसारख्या, भारत सरकारने परदेशी संशोधनासाठी दिलेल्या पैशावर गेलेल्यालाही लागते. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेणारे विद्यार्थी बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात, पण काही विद्यापीठं सरकारी शिष्यवृत्ती पाहून जे-१ चे कागद पाठवतात. असा विद्यार्थी एफ-१ वर गेला तर ही अट नाही, जे-१ वर गेला तर लागू होऊ शकते. शिष्यवृत्ती तीच, विद्यापीठ तेच, पण एका अक्षराने पुढच्या आयुष्याचा नकाशा बदलतो. विद्यापीठाला पत्र लिहून ‘मला एफ-१ चे कागद देता येतील का’ असं विचारायला एक पैसाही लागत नाही. तरीही हा प्रश्न विचारणारे थोडेच.

याउलट अमेरिकी प्राध्यापकाच्या संशोधन-अनुदानातून पगार मिळणाऱ्या पोस्टडॉकची गोष्ट वेगळी. ते अनुदान एनआयएचसारख्या सरकारी संस्थेकडून आलेलं असलं, तरी विद्यापीठाला संशोधनासाठी मिळालेलं असतं, कुणा परदेशी पाहुण्याला बोलावण्यासाठी नव्हे. म्हणून त्या पगारावर काम करणाऱ्याला सर्वसाधारणपणे अट लागत नाही. जळगाव-शिरपूरकडून जाणारे बहुतेक पोस्टडॉक याच वर्गात बसतील. पण पाचव्या रकान्यात तो पैसा विद्यापीठाचा म्हणून नोंदला गेला आहे की अमेरिकी सरकारी संस्थेचा, हे निघण्याआधी पाहून घ्यावं. चूक असेल तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून दुरुस्ती करून घ्यायची वेळ तीच.

दूतावासातला अधिकारी डीएस-२०१९ वर आणि व्हिसाच्या शिक्क्यावर ‘दोन वर्षांची अट लागू’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहितो. लोक ते अखेरचं मानतात. तसं नाही. ते प्राथमिक मत असतं आणि चुकूही शकतं, दोन्ही बाजूंनी. शंका असेल तर परराष्ट्र खात्याच्या सूट-विभागाकडून लेखी सल्लागार मत मागवता येतं. ‘लागू नाही’ असा शिक्का आहे म्हणून निश्चिंत राहणारे लोक एच-१बी च्या वेळी अडचणीत येतात आणि चुकीच्या ‘लागू’ शिक्क्यापायी कुणी हातची नोकरी सोडून घरी परततो. दोन्ही टाळता येण्यासारखं आहे.

आणखी एक गोंधळ सर्रास होतो. संशोधक म्हणून जे-१ चा कार्यक्रम संपवून परत आलं की पुढचे २४ महिने पुन्हा जे-१ संशोधक म्हणून जाता येत नाही. ही वेगळी अट आहे. ती फक्त जे-१ च्या पुनरावृत्तीला आडवी येते, एच-१बी ला नाही. दोन्हीकडे दोन वर्षंच असल्यामुळे माणसं एकीला दुसरी समजतात. एखाद्याला ‘तुला दोन वर्षं थांबावं लागेल’ असं कुणी सांगितलं, तर कोणती दोन वर्षं, हे आधी विचारावं.

समजा अट खरोखरच लागू आहे. मग एच आणि एल हे नोकरीचे व्हिसा आणि ग्रीन कार्ड बंद राहतात. अमेरिकेत बसून दर्जा बदलून घेणंही जवळपास बंद होतं. भारतात एकूण दोन वर्षं प्रत्यक्ष राहून ती पूर्ण करता येते. ती सलग असण्याची गरज नाही, तुकड्यातुकड्यांनी राहिलेले दिवसही मोजले जातात. विद्यार्थी म्हणून किंवा पाहुणा म्हणून मधल्या काळात जाता येतं. असामान्य कर्तृत्वाचा ओ-१ व्हिसाही भारतातल्या दूतावासातून मिळवता येतो.

दुसरा मार्ग अटीतून सूट मिळवण्याचा. भारत सरकारने ‘हा माणूस परत आला नाही तरी आमची हरकत नाही’ असं कळवायचं. त्यासाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालय, राज्य सरकार आणि पासपोर्ट कार्यालय यांची ना-हरकत पत्रं लागतात, मग भारतीय दूतावास अमेरिकी परराष्ट्र खात्याला पत्र देतो, ते खातं शिफारस करतं आणि शेवटी अमेरिकेचं नागरिकत्व व स्थलांतर खातं मंजुरी देतं. इथे कागदांच्या मागे धावणारे बहुतेक वेळा जळगावात बसलेले वडीलच असतात, मंत्रालयात खेपा घालणारे. फुलब्राइटसारख्या अमेरिकी सरकारच्या पैशावर गेलेल्यांना ही सूट मिळणं फार अवघड, हेही आधीच माहीत असावं. आणि यात एक खाच आहे. सूट मिळण्याची शिफारस झाली की जे-१ ची मुदत वाढवून मिळत नाही. ज्याच्या डीएस-२०१९ ची मुदत तीन महिन्यांत संपते आहे त्याने घाईने अर्ज केला, शिफारस झाली आणि एच-१बी चा अर्ज तयार नसला, तर त्याला सामान बांधावं लागतं. म्हणून आधी मुदतवाढ घ्यायची, मग सूट मिळवण्याचा अर्ज करायचा.

२०२५ च्या सप्टेंबरपासून ही सूट मिळवण्याचं महत्त्व आणखी वाढलं आहे. १९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या घोषणेनुसार नव्या एच-१बी अर्जासाठी मालकाला एक लाख डॉलर, म्हणजे नव्वद लाख रुपयांच्या घरातली रक्कम भरावी लागते. त्यातून विद्यापीठंही सुटलेली नाहीत. पण २० ऑक्टोबरला दिलेल्या खुलाशाप्रमाणे, जो माणूस आधीच अमेरिकेत वैध दर्जावर आहे आणि तिथेच जे-१ वरून एच-१बी वर बदलून घेतो, त्याच्यासाठी ही रक्कम नाही. घोषणा मुळात एका वर्षासाठी होती आणि तिला न्यायालयात आव्हानंही दिली गेली, तेव्हा अर्जाच्या दिवशी काय स्थिती आहे ते तपासायलाच हवं. पण या दोन नियमांची टक्कर पाहा. एक नियम म्हणतो, आधी दोन वर्षं घरी जा. दुसरा म्हणतो, घरून परत यायचं असेल तर मालकाने लाख डॉलर मोजावेत. प्रामाणिकपणे अट पाळून दोन वर्षं चोपड्यात किंवा साक्रीत राहिलेल्या संशोधकावर कुठली प्रयोगशाळा इतका पैसा लावेल? देवाणघेवाणीच्या मूळ कल्पनेशी हे विसंगत आहे असं मी स्पष्टपणे म्हणेन.

आता ज्याला अट लागत नाही त्याचा रस्ता. एच-१बी ला माणूस स्वतः अर्ज करू शकत नाही, मालकच करतो. आधी मालक अमेरिकी कामगार खात्याकडे लिहून देतो की या कामाचा तिथे चालू असलेला पगार आम्ही देऊ; मग स्थलांतर खात्याकडे मुख्य अर्ज जातो. पहिली मंजुरी तीन वर्षांपर्यंत, पुढे आणखी तीन. जे-१ वर घालवलेली वर्षं या सहा वर्षांत धरली जात नाहीत.

मालक कोण, यावर सगळं अवलंबून आहे. विद्यापीठ, त्याच्याशी संलग्न ना-नफा रुग्णालय, ना-नफा किंवा सरकारी संशोधन संस्था यांना २००० सालच्या कायद्याने वार्षिक मर्यादेतून मोकळीक दिली आहे. ते वर्षभरात केव्हाही अर्ज करू शकतात. म्हणून पोस्टडॉकला त्याच विद्यापीठात संशोधक म्हणून एच-१बी मिळणं त्यामानाने सोपं. खाजगी कंपनीला मात्र वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेतून पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार, एवढ्यातच बसावं लागतं. २०२५ च्या मार्चमध्ये त्यासाठी पात्र नोंदणी सुमारे ३ लाख ४४ हजार झाली आणि निवड सुमारे १ लाख २० हजारांची. आता निव्वळ सोडतीऐवजी पगाराच्या पातळीनुसार संधी कमी-जास्त करण्याचा नियमही आला आहे. त्यात नवख्या संशोधकाची बाजू लंगडी पडते.

इथेच अनेकांचा हिशेब चुकतो. विद्यापीठाच्या एच-१बी वर तीन वर्षं काम केलं म्हणजे आपण ‘एच-१बी वाले’ झालो, आता कुठल्याही कंपनीत जाऊ, असं वाटतं. तसं जाता येत नाही. मर्यादेबाहेरच्या संस्थेतून कंपनीत जाताना पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यासारखं मार्चच्या निवडीत उतरावं लागतं. ज्याला औषध कंपनीतच जायचं आहे, त्याने विद्यापीठात असतानाच दरवर्षी एखाद्या कंपनीकडून नोंदणी होते का ते पाहावं, हा माझा आग्रह आहे.

तारखांचाही एक सापळा आहे. कंपनीचा एच-१बी १ ऑक्टोबरला सुरू होतो. एफ-१ विद्यार्थ्याची मुदत मे-जूनमध्ये संपली आणि त्याची निवड झालेली असली, तर मधल्या काळात राहायला कायद्याने आपोआप सवलत मिळते. जे-१ वाल्याला ती नाही. त्याला कार्यक्रम संपल्यावर फक्त ३० दिवस. मे मध्ये मुदत संपणाऱ्याने डीएस-२०१९ सप्टेंबरअखेरपर्यंत वाढवून घेतलं नाही, तर निवड होऊनही त्याला अमेरिका सोडावी लागते. बाहेर गेला की मग तो लाख डॉलरचा प्रश्न दारात उभा. संशोधकाला जे-१ वर कमाल पाच वर्षं मिळतात. त्या पाचांतले महिने कसे खर्च करायचे, याची आखणी पहिल्याच वर्षी करावी.

डॉक्टरांची कथा वेगळी आणि जुनी आहे. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकी रुग्णालयांना तरुण डॉक्टर हवे होते, तेव्हा मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतून कितीतरी मराठी डॉक्टर देवाणघेवाणीच्या व्हिसावर तिकडे गेले. १९७० मध्ये दोन वर्षांची अट सैल झाली आणि त्यांतले बरेच तिथेच स्थिरावले. १९७६ च्या कायद्याने दार पुन्हा आवळलं, खास परदेशी डॉक्टरांसाठी. आज धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस होऊन यूएसएमएलई ही अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षा देणारी मुलगी जे-१ वर रेसिडेन्सीला, म्हणजे पदव्युत्तर प्रशिक्षणाला, गेली, तर दोन वर्षांची अट तिला लागणारच, पैसा कुणाचाही असो. जाण्याआधी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं पत्र लागतं. त्यात लिहिलेलं असतं की या विषयाचे तज्ज्ञ भारताला हवे आहेत आणि या डॉक्टरने परत येण्याची हमी दिली आहे. भारत सरकारच्या ना-हरकतीवर सूट मिळण्याचा मार्ग अशा डॉक्टरांना कायद्यानेच बंद आहे.

त्यांच्यासाठी मुख्य वाट कॉनरॅड यांच्या नावाची. नॉर्थ डाकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांनी १९९४ मध्ये ती आणली. प्रत्येक राज्याला आधी २० आणि २००२ पासून ३० डॉक्टरांसाठी सूट मागता येते. त्या डॉक्टरने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात एच-१बी वर तीन वर्षं पूर्णवेळ काम करायचं; त्या एच-१बी ला वार्षिक मर्यादा नाही. काही रुग्णालयं रेसिडेन्सीच थेट एच-१बी वर देतात, पण त्यासाठी यूएसएमएलईची तिसरी पायरी आधी पार करावी लागते. ज्यांना पुढे तिथेच राहायचं आहे त्यांनी हा पर्याय आधी विचारात घ्यावा.

या व्यवस्थेकडे खानदेशातून पाहताना मला त्रास होतो. दोन वर्षांची अट घालण्यामागे कारण होतं की शिकलेला डॉक्टर आपल्या गरजू लोकांकडे परत यावा. सूट देताना मात्र अट अशी की त्याने अमेरिकेतल्या गरजू गावात तीन वर्षं काढावीत. मोंटानातल्या गावाला डॉक्टर मिळाला याचा आनंद आहेच. पण अक्कलकुवा आणि धडगावचे रुग्ण तज्ज्ञासाठी अजूनही धुळे किंवा नाशिक गाठतात. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्षाची बंधपत्रित सेवा आहे. त्या वर्षानंतर सातपुड्यात थांबावं असं काही आपण त्या डॉक्टरपुढे ठेवतो का, हा प्रश्न अमेरिकेच्या कायद्याला नाही, आपल्याला विचारायचा आहे.

जे-१ वरून एच-१बी होताना घरच्यांसाठी दोन बदल महत्त्वाचे. जे-१ वाल्याच्या जोडीदाराला जे-२ वर कामाचा परवाना मागता येतो. एच-१बी झाल्यावर जोडीदार एच-४ वर जातो आणि ग्रीन कार्डचा एक टप्पा मंजूर होईपर्यंत बहुधा घरी बसतो. म्हणजे फार्मसी शिकलेल्या सुनेची चालू नोकरी नवऱ्याच्या बढतीच्या दिवशी जाऊ शकते. आणि जे-१ संशोधकाच्या पगारातून पहिली दोन कॅलेंडर वर्षं सामाजिक सुरक्षा आणि मेडिकेअरची मिळून ७.६५ टक्के कपात होत नाही, ती एच-१बी वर पहिल्या दिवसापासून होते. घरी पाठवण्याच्या रकमेचं गणित त्याप्रमाणे बदलतं.

शेवटची गोष्ट आखाजीच्या किंवा कानबाईच्या सणाला घरी येणाऱ्यांसाठी. अमेरिकेत बसून जे-१ वरून एच-१बी झालेल्याच्या पासपोर्टवर जुनाच जे-१ चा शिक्का असतो. तिथे राहायला दर्जा पुरतो, पण एकदा भारतात आलं की परत जाण्यासाठी मुंबईत एच-१बी चा नवा शिक्का घ्यावाच लागतो. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ च्या अर्जदारांचं समाजमाध्यमांवरचं वावरणंही तपासलं जाऊ लागलं आणि भारतातल्या कितीतरी मुलाखती महिनोन्‌महिने पुढे ढकलल्या गेल्या. लग्नाला आलेली माणसं नोकरीपासून दूर अडकली. दर्जा नुकताच बदलला असेल तर तिकीट काढण्याआधी मुलाखतीची तारीख हातात घ्यावी, आणि अडकावं लागलं तर तेवढा काळ भारतातून काम करता येईल का, हे मालकाकडून लेखी विचारून घ्यावं.